गळलेल्या पिसांचा तीर

दवाखान्यामागचं क्वार्टर माझ्या ताब्यात आलं तेव्हा त्याच्यासोबत एक मोडकी खाट, एक रांजण आणि हंसांची एक जोडी आली. आधीचा कंपाउंडर मूल गावचा. तिकडच्या राइस मिलमध्ये राखणीला ठेवतात तसले पांढरे, लांब मानेचे हंस त्यानं हौसेनं आणले आणि बदली झाल्यावर तसेच टाकून गेला. गावातले लोक त्यांना बदकं म्हणायचे. मी काय म्हणायचे ते छापण्याजोगं नाही. उजाडायच्या आधी कोकलायला लागायचे, दोरीवरचं धुणं ओढायचे, आणि मी अंगणात पाऊल टाकलं की मान जमिनीलगत धरून माझ्या पोटऱ्यांवर धावून यायचे.

मी वऱ्हाडातली. नागपूरला नर्सिंग आणि सुईणकाम शिकले आणि पहिलीच नेमणूक झाली ती वैनगंगेच्या पल्याड, जंगलातल्या या गावी. पन्नास सालानंतरची वर्षं. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, गडचिरोली त्यातली तहसील. नदी डोंग्यातून ओलांडायची, पुढं बैलगाडी. डॉक्टर बाजाराच्या दिवशी यायचे. एरवी दवाखाना म्हणजे मी आणि एक शिपाई. शिपाई सिंदेवाहीकडचा, धानवाल्या घरातला, गोंडी फाडफाड बोलणारा आणि कामाला जेमतेम. माझा स्वभाव जन्माचा तापट. एकटी बाई, परका मुलूख. तापट नसते तर लोकांनी मला विकून खाल्लं असतं, असं मी तेव्हा म्हणायचे आणि अजूनही म्हणते.

मोहफुलांचा हंगाम सरत आला होता. एका सकाळी दार उघडते तर अंगणात एक म्हातारा उकिडवा बसलेला. कमरेला पंचा, खांद्यावर कुऱ्हाड, आणि माझे ते दोन राक्षस त्याच्यापासून हातभर अंतरावर मुकाट दाणे टिपतायत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ना हाक, ना खाकरणं, सरळ बाईमाणसाच्या अंगणात?

"काय जी, काय करून राह्यले इथी?" मी विचारलं, म्हणजे ओरडलेच.

"पिसं पाहून राह्यलो, बाई," तो म्हणाला. जागचा हलला नाही.

मी हातातला झाडू त्याच्याकडे फेकला नाही एवढंच. आणि तेवढ्यात त्यातल्या एका हंसानं अंग झाडलं, पंख पसरले, मिटले, आणि एक लांब पांढरं पीस जमिनीवर पडलं. म्हाताऱ्यानं ते दोन्ही हातांनी उचललं, देठाकडचं टोक उजेडाला धरून पाहिलं, ओठांवरून अलगद फिरवलं आणि पंच्यात खोचलं. मग उठून मला हात जोडून निघून गेला. शिपायाला विचारलं तर म्हणाला, पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा आहे, तीर बनवतो, चांगला माणूस आहे, येऊ द्या.

येऊ द्या म्हणे. तो रोजच यायला लागला. हंसांची पिसं गळायचे दिवस होते ते. उन्हाळ्यात जुनी पिसं टाकून नवी धरतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. तोवर मी फक्त अंगणात कचरा वाढला म्हणून कुरकुरत होते. म्हातारा बसायचा, वाट बघायचा. पडलेलंच पीस घ्यायचा, पक्ष्याला हात लावायचा नाही. हळूहळू मीही चिडायचं कमी केलं, कारण तो असेपर्यंत हंस माझ्या वाटेला जात नसत. पुढं पुढं तर तो पानाच्या द्रोणात चारं, म्हणजे चारोळीची फळं आणायचा आणि मी त्याला चहा द्यायचे. पिसं तो दोन ढिगांत लावायचा, डाव्या पंखाची इकडे, उजव्या पंखाची तिकडे. एका तिराला तीन पिसं लागतात आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत. दोन्हीकडची एकत्र बांधली तर तीर हवेत गोंधळतो, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, माणसांचंही तसंच असतं. त्याला ते पटलं असावं, कारण तो बराच वेळ हसत होता.

एक दिवस मी सहज विचारलं, "काय मारता जी या तिरानं? ससा का रानडुक्कर?"

"शिकारीचा नाई, बाई. नातवाचा तीर हाये."

मला वाटलं पोराला खेळायला करतोय. कौतुकानं विचारलं, केवढा आहे नातू?

"अजून पोटात हाये. सुनेले दिवस भरून राह्यले. आमच्या घरी लेकराची नाळ तिरानं कापतेत."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी सुईणकाम शिकलेली. नागपूरच्या वॉर्डात आम्ही कात्र्या उकळून उकळून बोटं भाजून घेतलेली, नाळेला नुसता हात लावला तर सिस्टर कानाखाली द्यायची. आणि हा माणूस माझ्या अंगणात, माझा चहा पिऊन, माझ्याच बदकांच्या पिसांनी नाळ कापायचा बाण तयार करत होता.  तो गेल्यावर मी शिपायाला असं फैलावर घेतलं की बिचाऱ्याला वाटलं त्याची नोकरीच गेली.

"यात काय एवढं, बाई?" तो म्हणाला. "इकडं कोणी विळ्यानं कापते, कोणी बांबूच्या चिपाटीनं. त्याईच्या घरची तिराची रीत हाये. रीत म्हणजे रीत."

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुढं घालून टोल्यावर गेले. म्हाताऱ्याचा मुलगा जंगलकटाईवर गेलेला. घरात म्हातारी आणि सून. सून अंगानं बारकी, पोट पार वर आलेलं. मी तपासलं, बाळ ठीक होतं. मग नेहमीचा प्रश्न विचारला, हे कितवं?

"तिसरं," ती म्हणाली.

आधीची दोन कुठं आहेत ते विचारायची गरज नव्हती. अंगणात एकही पोर नव्हतं. पण मी विचारलंच. तिनं जमिनीकडे बघत सांगितलं. दोघं चांगली जन्मली होती, चांगली रडली होती, दूध ओढत होती. आठवडा भरत आला आणि दूध सोडलं. तोंड मिटलं ते उघडेना. हात लावला की अंग ताठ व्हायचं, लाकडासारखं. मग गेली. पहिलं तसंच, दुसरं तसंच.

धनुर्वात. हे सांगायला मला डॉक्टर नको होता. मी म्हाताऱ्याला म्हटलं, ते पातं दाखवा बरं मला, तिराचं.

तो मला गोठ्यात घेऊन गेला. बैलाच्या खुराला मारतात त्या जुन्या पत्रीचं लोखंड ठोकून, घासून त्यानं पातं घडवलं होतं. धार अशी की नुसत्या नखावर टेकवली तरी लागावी. आणि ते पातं त्यानं जपून ठेवलं होतं गोठ्याच्या कुडात, शेणाच्या लिंपणात खोचून. गंज चढू नये म्हणून. पहिल्या दोन्ही वेळी पण असंच ठेवलं होतं, असंही त्यानं मोठ्या समाधानानं सांगितलं.

मी आयुष्यात खूप काही पाहिलं पुढं. देवीची साथ पाहिली, वाघानं फाडलेला माणूस शिवला. पण त्या गोठ्यात उभं असताना जसं मला हादरायला झालं तसं कधी नाही झालं. इतक्या प्रेमानं, इतक्या निगुतीनं हा माणूस स्वतःच्या नातवंडांसाठी मरण घडवून ठेवत होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

मी तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मागं वळले तर सून गोठ्याच्या दाराशी येऊन उभी होती, पोटावर हात ठेवून, आणि माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर काय सांगणार होते मी? तुझी दोन्ही लेकरं याच्याच हातानं गेली, असं? तिला अजून एक जन्माला घालायचं होतं, याच घरात. मी आलेला शब्द गिळला. मला ते जमतं हे मलाच माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याचं दुखणं वेगळंच होतं. तो मला आपणहून सांगायला लागला. आधीच्या दोन्ही तिरांना त्यानं तलावाच्या काठावर सापडलेली पिसं लावली होती. ती कोणत्या पाखराची, पाखरू जिवंत होतं की मेलेलं, त्यालाच माहीत नव्हतं. त्यांच्या घरात पीस हवं ते पाखरानं आपल्या मनानं सोडलेलं, आणि पाखरू डोळ्यांसमोर जिवंत हवं.

"पाखरू जसं न दुखता पीस सोडते, तसं आईनं लेकरू सोडाले पायजे," तो म्हणाला. "माहं पीस चुकलं, बाई. म्हणून दोघं गेले. आता मी बदकाले स्वतःच्या डोळ्यानं पीस टाकताना पाह्यतो."

तेव्हा मला कळलं तो माझ्या अंगणात रोज काय करत होता.

मी कात्रीचं काढून पाहिलं. सरकारी कात्री, चकचकीत, उकळून आणते म्हटलं. म्हातारीनं मान हलवली. सुनेनंही. सून तर म्हणाली, या खेपेला पीस नीट भेटलं आहे, आता तीर नको म्हणू नका. चिडून उपयोग नव्हता. चिडले असते तर त्यांनी मला बाळंतपणाला बोलावलंच नसतं, आणि मी नसताना शेणातलं पातं काढून धुतलं न धुतलं करून काम उरकलं असतं. त्या बाळाचा जीव आता माझ्या गोड बोलण्यावर होता. म्हणजे बघा, कोणाच्या हाती पडला होता.

चुलीवर भात शिजत होता. म्हाताऱ्यानं एक दुमडलेलं पीस काढलं आणि भांड्याच्या वाफेवर धरलं. मी बघत होते. वाफ लागताच पिसाची मोडलेली कड हळूहळू सरळ झाली, फाटलेले केस एकमेकांत बसले, आणि पीस नव्यासारखं झालं. मग सुरीनं त्यानं ते मधल्या दांडीवर चिरलं, दांडी खरवडून पातळ केली, आणि बांबूच्या काडीला लावून बघितलं.

"वाफ दिली की नीट होते," तो म्हणाला.

मला तिथंच वाट सापडली. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरची रीत हाये तशी माह्या दवाखान्याची बी एक रीत हाये. लेकराले जे लोखंड लावाचं थे आधी खळखळत्या पाण्यात ठेवतो आमी. तुमी पिसाले वाफ देता, मी लोखंडाले देतो. पिसाले पाणी लागू नाई देणार. चालते?"

तो म्हातारीशी गोंडीत काहीतरी बोलला. मग म्हणाला, चालते. प्रत्येकाची रीत असते. मी मूर्खासारखं म्हटलं, मग आताच करून बघू.

तीर पुरा व्हायला थोडंच उरलं होतं. त्यानं कुडातलं पातं आणून काडीच्या टोकाला लाखेनं बसवलं, तिन्ही पिसं झाडाच्या सालीच्या बारीक दोऱ्यानं बांधली. मी डेगचीत पाणी उकळलं आणि त्यानं तीर उभा धरला, पातं पाण्यात, पिसं वर. जरा वेळ गेला आणि पाण्यात टप्प आवाज झाला. लाख वितळली होती. पातं तळाशी जाऊन पडलं आणि म्हाताऱ्याच्या हातात नुसती काडी राहिली.

 सुनेनं पदर तोंडाशी धरला. म्हातारी उठून आत गेली. पातं पडलेला तीर त्यांच्याकडे परत उभा करत नाहीत, पिसांसकट मोडून टाकतात. शिपायानं हे माझ्या कानात सांगितलं. सगळं माझ्या एका घाईनं गेलं होतं. म्हाताऱ्यानं काडी गुडघ्यावर मोडली, तुकडे चुलीत घातले.

"लाख नाई चालत तर दुसरं पातं तापवून काडीत ठोकून बसवतो," मग तो म्हणाला. "पण पिसं पायजे."

पिसंच नव्हती. त्याच्याकडे डाव्या पंखाची दोन उरली होती. उजव्या पंखाचं एकही नाही, बाकीची सगळी फाटकी, किड्यांनी खाल्लेली. एक हवं होतं. आणि माझ्या हंसांचं गळणं जवळजवळ संपलं होतं. पंखांतून नवी पिसं डोकं काढत होती.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. ज्या जनावरांना मी पाण्यात पाहायचे, त्यांच्या मागं मागं मी अंगणभर हिंडत होते. दाणे टाक, पाणी बदल, पंख झाडला की धाव. "टाका रे बाबांनो एक, काय अडलंय तुमचं?" असं त्यांना विनवत होते. दवाखान्यात आलेले पेशंट दारात उभे राहून नर्सबाईला वेड लागलं का ते बघत होते. म्हातारा रोज सकाळी येऊन बसायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं जायचा. सुनेचे दिवस भरले होते.

आणि अशात शिपायानं काय करावं? एका दुपारी हसत हसत आला आणि म्हाताऱ्यापुढं एक सुरेख, लांब, डाव्या पंखाचं पीस ठेवलं. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी उचललं. देठ उजेडाला धरलं. देठाच्या टोकाशी ओलं रक्त होतं. त्यानं ते पीस हळूच खाली ठेवलं आणि हात पंच्याला पुसले. मेलेलं मूल हातात द्यावं तसा त्याचा चेहरा झाला होता. तिकडे रांजणामागं एक हंस पंख ओढत बसलेला. "उपटलं तर काय झालं, पीस तर पीस," असं शिपाई म्हणायला लागला आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. इतक्या दिवसांचं गिळलेलं सगळं मी त्याच्यावर काढलं. त्याच्या सात पिढ्या झाल्या, त्याची धानाची बांधी झाली, त्याची सिंदेवाही झाली. म्हातारा मधे पडला आणि त्यालाच सावरायला लागला. "जाऊ द्या, बाई. त्यानं भल्यासाठी केलं," म्हणाला.

भल्यासाठी केलं. ते ऐकून मला गोठा आठवला. मी शिपायाला सोडलं आणि हंसाचा पंख पुसायला गेले.

पीस मिळालं ते मलाच. सकाळी रांजणातून पाणी घ्यायला गेले तर रांजणाच्या बुडाशी, ओल्या मातीत, पडलेलं. उचललं. देठ कोरडं, पांढरं, साफ. ओल्या जागी पडूनही पिसावर पाणी ठरलेलं नव्हतं. वाक त्याच्या त्या दोन पिसांच्याच बाजूचा. मी चपला घालायच्या विसरले आणि तशीच टोल्याच्या वाटेला लागले, हातात पीस वर धरून. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मी रडत होते.

म्हाताऱ्यानं त्याच दिवशी तीर बांधला. पिसं वाफेवर धरली, चिरली, खरवडली, काडीवर सारख्या अंतरानं लावली आणि दोऱ्याचं एक टोक दातात धरून काडी फिरवत फिरवत गुंडाळत गेला. सालीचा दोरा पिसाच्या केसांमधून असा नेला की एक केस दाबला गेला नाही. नवं पातं लाल करून काडीत ठोकलं तेव्हा जळलेल्या बांबूचा वास घरभर पसरला.

बोलावणं आलं ते भर दुपारी, तेंदूपत्त्याच्या दिवसांत. पुरुषांना आत यायची बंदी, म्हणून चूल अंगणात मांडायला लावली. पाणी खळखळायला लागलं आणि मी म्हाताऱ्याच्या हाती तीर दिला. म्हटलं, मी हाक मारेपर्यंत पातं पाण्यातून काढायचं नाही. आणि आत गेले. म्हातारीचे हात मी साबणानं दोनदा धुवून घेतले. त्यावरून आमची जुंपलीच, पण धुतले. सून शहाणी. ओरडली नाही, फक्त माझं मनगट असं आवळलं की वळ कितीतरी दिवस होता.

वेळ लागला. बराच लागला. बाळ आलं, मुलगी, आणि रडली. मी हाक मारली. म्हातारीनं दारातून तीर घेतला, मी नाळेला उकळलेला दोरा बांधला, आणि तिनं त्या पात्यानं नाळ कापली. मीच बघत होते. स्वच्छ कापली गेली. बाहेर आले तर म्हातारा तसाच चुलीपुढं. वाफेनं त्याच्या उजव्या हाताची कातडी लाल होऊन फोड आले होते. पिसं वाफेनं भिजू नयेत म्हणून तो काडी खालीच धरून, वरती दुसऱ्या हाताचा आडोसा करून बसला होता. हाक येईपर्यंत काढायचा नाही म्हटलं होतं, म्हणून काढला नव्हता. मी मलम लावताना त्याच्यावर ओरडले. तो हसत होता.

मग आठवडाभर मी रोज टोल्यावर जायचे. घरचे सगळे निवांत. त्यांच्या दृष्टीनं पीस चांगलं होतं, काम झालं होतं. माझा मात्र जीव टांगलेला. गेल्या गेल्या बाळाच्या तोंडात धुतलेलं बोट घालायचे. ओढलं की मगच परत निघायचे. नाळ सुकून पडली. आणखी काही दिवस गेले. पोरगी दूध ओढतच होती, आणि दुपट्यातून पाय झाडत होती. त्या दिवशी त्यांनी मोहाची काढली, मलाही द्रोणात दिली आणि मी प्यायले. सरकारी नर्स. काय करायचं ते करा.

त्यानंतर एका सकाळी म्हातारा माझ्या अंगणात आला. हंस त्याच्याकडे गेले. तो उकिडवा बसला, पण पिसांकडे बघत नव्हता.

"बाई, एक इचारू?"

"इचारा न."

"मी म्हणत होतो, पहिल्या दोघाईच्या वक्ती पीस चुकलं. पण तुमी या खेपेले पिसाले हात बी नाई लावला. तुमी लोखंडाले पाणी देलं. म्हातारीचे हात धुतले. रोज येऊन पोरीचं तोंड पाह्यलं." तो थांबला. "खराब काय होतं, बाई? पीस का लोखंड?"

एवढ्या लवकर तो तिथं पोचेल असं मला वाटलंच नव्हतं. मी बघितलं तर त्याचे हात गुडघ्यांवर उताणे पडले होते. त्या हातांनी ती पाती घडवली होती, धार लावली होती, शेणात खोचली होती.

"पीस," मी म्हटलं. हळू, गोड आवाजात म्हटलं. "पीसच, भाऊ. लोखंडाचं काही नव्हतं."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "तुमी आज चिडल्या नाई."

आणि उठून गेला.  

पुढं शिपायाकडून कळत राहिलं. म्हातारा जेवत नाही. नातीला घेत नाही, कोणी मांडीवर ठेवायला गेलं तर उठून जातो. म्हातारीला वाटत होतं काही बाधा झाली. सुनेला काय वाटत होतं कोण जाणे. तिनं मला काही विचारलं नाही, आणि माझी तिकडे जायची हिंमत होत नव्हती.

तेंदूपत्त्याच्या फडावर सगळे टोले जमायचे, म्हणून मी देवीची लस टोचायला तिथं गेले होते. झाडाखाली माणसं विडीच्या पानांचे पुडे मोजून घेत बसली होती, बाया, पोरं, सगळीच. म्हातारा उठून उभा राहिला. गोंडीत बोलायला लागला. आधी कोणाचं लक्ष नव्हतं, मग एकेकाचे हात थांबले. मला त्यातला एक शब्द समजत नव्हता. शिपायाला म्हटलं, काय म्हणतोय सांग. शिपायानं मान खाली घातली आणि सांगितलं नाही. एक बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली, मग दुसरी. नंतर कळलं, त्यांचीही लेकरं तशीच गेली होती, विळ्यानं नाळ कापून. मग म्हातारा माझ्याकडे वळला आणि माझ्यासाठी म्हणून मराठीत बोलला.

"पीस नाई. लोखंड. माह्या हातचं लोखंड. माहे दोघं त्यानं गेले. तीर असो, विळा असो, बाईच्या पाण्यात ठेवल्याबिगर कोणी लेकराले लावू नका."

 मी सुनेला शोधलं. ती बायांमध्ये बसली होती, पोरगी पाठीला बांधलेली, आणि ऐकत होती. पहिल्यांदाच ऐकत होती. तिचा चेहरा मला आजही सांगता येणार नाही. ती उठली. माणसं बाजूला झाली. मला वाटलं आता ही काय करेल, आणि मी पुढं झाले.

सासऱ्यासमोर जाऊन तिनं पाठीवरची गाठ सोडली, पोरगी काढली आणि त्याच्या हातांत दिली. त्यानं हात मागं घेतले. तिनं पुन्हा दिली. घेईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि त्यानं घेतल्यावर जाऊन आपल्या जागेवर पुडे बांधायला बसली.